देव पाहुण्यांना दिलेलं गाव

पंढरपूरकराला आषाढीच्या दुसऱ्या दिवशी ‘काय, झालं का दर्शन?’ असं विचारू नये. तो हसून विषय बदलतो, नाहीतर ‘आमचं काय, आम्ही कधीही जाऊ’ म्हणून मोकळा होतो. खरं म्हणजे आषाढीला गावातला माणूस देवळात जातच नाही. शे-दीडशे मैल चालत आलेले लोक दर्शनबारीत वीस-वीस तास उभे असतात. त्यांच्यात घुसणं त्याला बरं वाटत नाही, आणि घुसायला त्या दिवशी सवडही नसते. नामदेव पायरीला हात लावायचा, कळसाकडे बघून हात जोडायचे आणि पुन्हा गल्ल्यावर येऊन बसायचं. महाद्वाराजवळच्या एका बोळात आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांच्या वडिलांचं, चुरमुरे-बत्तासे आणि बुक्क्याचं दुकान होतं. आयुष्यात एकाही आषाढीला आपण विठोबाचे पाय धरले नाहीत, असं ते स्वतःच सांगायचे. त्यात खंत नसायची, थोडी ऐटच असायची. ‘पाहुणे जेवून उठल्यावर घरच्यांनी पानं घ्यायची,’ म्हणायचे.

वारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आळंदी-देहूपासून वाखरीपर्यंतचा रस्ता, रिंगण, धावा, सगळं लिहून झालंय. पण पालख्या गावात शिरल्या की लिहिणाऱ्यांचं लक्ष कळसाकडे जातं आणि गाव तेवढं राहून जातं. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार वाऱ्या धरल्या, तरी गर्दीचे दिवस महिना-दीड महिन्याच्या वर जात नाहीत. उरलेल्या वर्षात हे गाव काय शिजवतं, कशावर भांडतं, हे मला कळलं ते घरातल्या म्हाताऱ्यांकडून. त्यांच्या गोष्टींत तारखा नसायच्या. ‘बार्शी लाइट यायच्या आधी’, ‘पटकीच्या वारीला’, ‘देऊळ उघडलं त्या साली’ असा त्यांचा हिशोब. सन मी मागाहून बसवत गेले.

आमच्या वाड्यात उतारू असायचे. पंढरपुरात हा शब्द न सांगता कळतो. मराठवाड्यातली एक दिंडी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच वाड्यात उतरत आली. दशमीला यायची, पौर्णिमेचा काला करून जायची. भाड्याचं बोलणं कधी झालेलं कुणी ऐकलं नाही. आषाढीला ते लोक बहुधा रिकाम्या हातांनी येत, कारण पेरणी नुकतीच उरकलेली, घरात दाणा संपत आलेला. आजी त्यांच्याकडून काही धरत नसे. कार्तिकीला मात्र नवी बाजरी यायची, आणि माघीला तुरीची डाळ, गुळाची ढेप, आणि कोवळ्या ज्वारीच्या कणसांचं गाठोडं. ते सोडलं की परसात गोवऱ्यांची आगटी पेटायची. हुरडा भाजून हातावर चोळायचा, फुंकर मारून कूस उडवायची, सोबत शेंगांची चटणी. देवाच्या गावात माघीच्या दशमीला एवढं खाल्ल्यावर एकादशी कशी निभायची, हा प्रश्न आमच्याकडे कुणाला पडला नाही.

उतारूंची भांडी वेगळी, चूल वेगळी, पण पाणी एकच. आजीच्या सासूबाई, म्हणजे माझी पणजी, रांजण झाकून ठेवण्यावरून साऱ्या घराला धारेवर धरत असे. त्यामागे पटकी होती. वारीच्या दिवसांत नदीचं पाणी बिघडलं की पटकी उठायची, आणि इथून निघालेला माणूस ती आपल्या गावापर्यंत घेऊन जायचा. पटकीची सुई टोचून घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय वारकऱ्याला गावात सोडत नसत, असाही एक काळ होऊन गेला. एका वारीत पणजीच्या ओसरीवर एक म्हातारा रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. त्याच्या पडशीत पाव शेर भगर आणि अभंगांची वही निघाली. भगर तिने चंद्रभागेत सोडली, वही ठेवून घेतली. ‘वही का ठेवलीस?’ असं मी आजीला विचारलं होतं. ‘मी कुठं ठेवली? सासूबाईंनी ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ठेवली असंल,’ आजी म्हणाली.

बार्शी लाइटच्या गोष्टी त्यामानाने हसऱ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने काढलेली ही अडीच फुटी रुळांची रेल्वे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. त्याआधी मुंबई-पुण्याकडचे यात्रेकरू कुर्डुवाडीला उतरून बैलगाडीने नाहीतर पायी यायचे. छोटी गाडी आली आणि गावात माणसांबरोबर मालही येऊ लागला. आबांच्या वडिलांनी धंदा वाढवला तो तिच्या जोरावर. गाडीचा वेग हा घरातला कायमचा विनोद. चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातल्या शेंगांचा वेल उपटायचा आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचं, ही करामत आमच्या घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाने केलेली आहे, निदान सांगितलेली तरी आहे. ब्रॉडगेज झाली आणि हा पराक्रम बंद पडला.

आता दुकानाबद्दल. प्रसादाला चुरमुरेच का, हे मी आबांना विचारलं होतं. त्यांचं उत्तर दुकानदाराचं होतं. वारकरी घरी जातो तेव्हा साऱ्या गावाला प्रसाद वाटावा लागतो. पेढा चार दिवसांत आंबतो, नारळ जड पडतो. चुरमुरे शेरभर घेतले तरी ओझं होत नाही, आठ दिवस टिकतात, आणि चिमूट-चिमूट दिले तर शंभर घरं होतात. त्यात फुटाणे, डाळे, चार बत्तासे आणि खडीसाखरेचे खडे टाकले की झालं. हा प्रसाद बहुतेक वेळा देवापुढे गेलेलाही नसतो. बोळातल्या दुकानातून थेट पिशवीत जातो. तरी तो प्रसाद कसा, यावर आबा भांडायला तयार असायचे. ‘चालत आला तो माणूस, त्याच्या खांद्यावरनं गेला की झाला प्रसाद.’

चुरमुरे भडभुंज्यांच्या भट्टीवरून पोत्यांनी यायचे. बत्तासे मात्र घरी व्हायचे. साखरेचा पाक गोळीबंद होऊ द्यायचा, चिमूटभर सोडा टाकून घोटायचा, आणि फेस पांढरा झाला की लाकडी पळीने पत्र्यावर थेंब सोडत जायचं. थेंब पडला की फुगतो, मग कडेने आखडतो. पाक जास्त झाला तर तो दगड होतो, कमी झाला तर पत्र्याला चिकटून बसतो. आत्याचा हात यात बसलेला होता. दोन बोटं पाकात बुडवून ती तार बघायची आणि ‘हं’ म्हणायची. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना त्यामुळे कायमची चकाकी आली होती. बुक्का आबा स्वतः करायचे. कोळशाची वस्त्रगाळ पूड, तीत नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी आणि दवणा कुटून. प्रमाण कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे ते गेल्यावर आमच्या दुकानाचा बुक्का बाजारातल्यासारखाच झाला. कुंकवाचे कारखाने गावात वेगळे. हळकुंडं पापडखार, सवागी आणि लिंबाच्या रसात मुरवून, वाळवून, दळून लाल करायची. तुळशीच्या माळा काशीकापडी समाजाकडे, नदीतल्या होड्या आणि पुंडलिकाची पूजा महादेव कोळ्यांकडे. देवळात बडवे, उत्पात आणि बाकीचे सेवाधारी. गावातल्या प्रत्येक घराचा धागा विठोबाशी कुठेतरी बांधलेला आणि प्रत्येकाला आपलाच धागा जाड वाटायचा.

घरातल्या स्वयंपाकाचं पंचांग या सगळ्याभोवती फिरायचं. आषाढ शुद्ध नवमी ही कांदेनवमी. एकादशीपासून चातुर्मास लागला की कांदा, लसूण, वांगं बंद, म्हणून आदल्या नवमीला ते सगळं पोटभर खाऊन घ्यायचं. महाराष्ट्रभर हा दिवस असतो, पण पंढरपुरात त्याला घाई असते. पालख्या वाखरीत येऊन टेकलेल्या, उद्या दारात. घरातल्या बायकांना स्वतःसाठी मिळणारा तो शेवटचा दिवस. सकाळी कांद्याची थालीपीठं, दुपारी भरलेली वांगी आणि भाकरी, संध्याकाळी भजी. घराघरांतून एकच वास. आजी म्हणायची, नवमीला तळणाचा वास वाखरीपर्यंत जातो आणि वारकरी त्याच वासावर पावलं उचलतात. वारकऱ्यांसमोर हे बोलायची तिची हिंमत नव्हती.

मग एकादशी. परसात तीन दगडांची मोठी चूल, तीवर कढई. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. दाणे भाजून, सालं पाखडून, पाट्यावर पाणी लावत इतके बारीक वाटायचे की वाटणाला तेल सुटलं पाहिजे. मिरची, जिरं, आमसूल, मीठ. उकळी फुटल्यावर ढवळायचं थांबलं तर आमटी फाटते, म्हणून एक माणूस डावाला बांधलेला. भगर तुपावर परतून मगच आधणात, नाहीतर तिचा लगदा होतो. निखाऱ्यात रताळी पुरलेली. एकादशी अन् दुप्पट खाशी हे गावाने कधी नाकारलं नाही, पण उतारूंच्या पंगतीत वाढणाऱ्या बायकांना दुप्पट सोडा, धड एकदाही बसून खायला मिळत नसे.

साबुदाणा तेव्हा पणजीच्या पचनी पडत नसे, म्हणजे खऱ्या अर्थाने नव्हे. ‘ते परदेशी खडे देवाला चालत नाहीत,’ म्हणून तिने तो कित्येक वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवला होता. तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. साबुदाणा आधी समुद्रापलीकडून यायचा. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला कसाव्याच्या कंदापासून तो होऊ लागला तो १९४० च्या दशकात, आणि मग स्वस्त होऊन घरोघर गेला. गंमत अशी की, पणजी ज्याला आपलं म्हणायची ते तरी कुठे आपलं होतं? शेंगदाणा, मिरची, रताळं, बटाटा, सगळे मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आणि इतर गलबतांतून आलेले. नामदेव महाराजांच्या (१२७०–१३५०) एकादशीच्या ताटात यांतलं काहीही असणं शक्य नव्हतं. आमच्या ताटातली जुनी म्हणावी अशी एक भगर तेवढी. हे मी पुढे कॉलेजात शिकून आल्यावर आत्याला सांगितलं. ती म्हणाली, ‘असू दे. वारीला येतंय ते सगळं विठोबाचंच.’ आणि माझ्या ताटात आणखी एक रताळं टाकलं.

द्वादशीला पारणं. पहाटेपासून पुरण शिजायला लागायचं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडया. दिंडीतल्या बायका त्या दिवशी आपणहून स्वयंपाकघराचा ताबा घ्यायच्या आणि आजीला पाटावर बसवायच्या. वर्षातून एकदाच, त्या दिवशी, घरात आजीचं पान पहिलं पडायचं. पौर्णिमेला पालख्या गोपाळपूरला जातात, तिथे काला होतो. जनाबाईचं जातं, रांजण दाखवतात ते हेच गोपाळपूर. दही, लाह्या, लोणचं एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडात घालायचं. तिथून लोक परस्पर घरची वाट धरतात. दुसऱ्या दिवशी गावात जी शांतता पसरते तिला आबा ‘कान वाजणारी’ म्हणायचे. दुकानाची फळी अर्धीच उघडायचे आणि पोत्यावर डोकं ठेवून तिथेच झोपायचे.

देवाचंही तेच. आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात, म्हणजे देवाची झोप बंद. चोवीस तास उभं राहून दर्शन द्यायचं, टेकायला पाठीशी लोड. वारी संपल्यावर प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान, पायांना लिंबू-साखर चोळायची आणि रात्री शिणवट्यावर काढा. त्या रात्री आमच्या घरीही काढा व्हायचा. सुंठ, मिरी, तुळस, गवती चहा, गूळ. ‘देव दमला, आपण काय लोखंडाचे?’ असं म्हणत आजी सगळ्यांना कपभर प्यायला लावायची. त्यानंतर पंढरपूरकर देवळात जायला निघतो. सकाळी काकड्याला, हातात लोण्या-साखरेची वाटी घेऊन, शेजाऱ्याशी गप्पा मारत.

बाकीच्या वर्षात देवाच्या अंगावरचे कपडे बघून गाव ऋतू ओळखतं. कार्तिकी उरकून थंडी पडली की शाल, रजई, कानपट्टी. वसंतपंचमीला पांढरा पोशाख, तो रंगपंचमीपर्यंत, रोज गुलाल उधळलेला. होळी ते रंगपंचमीत लावणीच्या बैठकी. पंढरीत लावणी म्हटलं की बाहेरच्यांच्या भुवया वर जातात, पण उत्पात मंडळींनी ती जपलीय आणि ज्ञानोबा उत्पातांनी ती गावाबाहेर नेली. चैत्रात चंदनउटी सुरू होते ती मृग लागेपर्यंत. सहाणेवर चंदन उगाळून उगाळून देवाच्या सर्वांगाला लेप, म्हणजे उन्हाचा दाह लागू नये. सोलापूर जिल्ह्याचं ऊन ज्याने सोसलंय त्याला यात भाबडेपणा दिसणार नाही. त्या दिवसांत घरात कैरीचं पन्हं, आंबेडाळ, ताकातल्या कण्या. देवाला थंडी वाजते, ऊन लागतं, पाय दुखतात हे आमच्याकडे कुणी श्रद्धा म्हणून सांगत नसे. शेजारच्या घरातल्या थोरल्या माणसाची तब्येत सांगावी तसं सांगत.

या जिव्हाळ्याला दुसरी बाजू होती आणि ती घरात कमी बोलली जायची. गावाच्या एका भागाकडे बोट दाखवलं तर आजी हात खाली करायची. तिथे बालकाश्रम होता. पंढरीत विधवांना आणून सोडून द्यायची रीत जुनी. त्यांतल्या काहींची फसगत व्हायची आणि जन्मलेलं मूल नदीकाठी नाहीतर आडोशाला सापडायचं. लालशंकर उमियाशंकर नावाचे गुजराती न्यायाधीश इथे होते. त्यांनी १८७५ मध्ये अशा अर्भकांसाठी गृह काढलं आणि पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजाने ते चालवलं. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि मुलं वाढली. देवाच्या दारात मुलं टाकली जातात हे गावाला माहीत होतं. त्यांना उचलायला मात्र गावाबाहेरून आलेला माणूस लागला, हे माझ्या मनातून जात नाही.

तसंच ‘देऊळ उघडलं त्या साली’. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, पायरीच्या पुढे, बाहेर. त्यांच्या जातीच्या माणसांना सहाशे वर्षं तिथपर्यंतच. वारीला आलेल्या महार मंडळींना उतरायला नीट जागा नसे, म्हणून गाडगेबाबांनी इथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आबांनी गाडगेबाबांना चंद्रभागेचं वाळवंट झाडताना पाहिलं होतं. ‘यात्रा पांगली की हे खराटा घेऊन हजर,’ एवढंच त्यांचं वर्णन.

साने गुरुजी १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. आबा तेव्हा विशीतले. बोळात रोज वाद. एका दुकानावर गुरुजींच्या बाजूचे, समोरच्यावर विरोधातले, आणि आमच्या दुकानात बाप एकीकडे, लेक दुसरीकडे. आबा लपून मठात जाऊन यायचे, परत आल्यावर पणजी त्यांना आंघोळ करायला लावायची. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, देऊळ सगळ्यांना खुलं झालं. त्यानंतर गावात एक गोष्ट पसरली, अजूनही म्हातारी माणसं ती सांगतात. देऊळ खुलं व्हायच्या आदल्या रात्री काही मंडळींनी मंत्र म्हणून मूर्तीतलं देवत्व काढून पाण्याच्या घागरीत घेतलं, आता देवळात उरला तो नुसता दगड. पणजीने ती खरी मानली. देवळात जायचं बंद केलं. तेव्हा नव्यानेच लग्न होऊन आलेल्या आजीने विचारलं, ‘मग ती घागर कुठं ठेवलीय? तिला तरी नैवेद्य दाखवून येते.’ या एका वाक्यावर पणजी तिच्याशी किती दिवस बोलली नाही, याचे आकडे घरात वेगवेगळे आहेत.

पणजी पुन्हा देवळात गेली का? आजी सांगायची, गेली, एका प्रक्षाळपूजेनंतर, पहाटे, कुणी बघू नये अशा बेताने, आणि पायांवर डोकं ठेवून रडली. आत्याचं म्हणणं, मुळीच नाही, मरेपर्यंत तिने कळसावरच भागवलं, आजीला गोष्टी गोड करायची खोड आहे. मला आत्याचं खरं वाटतं. पणजीचा स्वभाव जेवढा ऐकलाय त्यावरून ती एका रात्रीत विरघळणारी बाई नव्हती. पुढे १९७३ चा मंदिर कायदा आला, १९८५ मध्ये कारभार सरकारी समितीकडे गेला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांच्या हक्कांवर पडदा टाकला. त्या दिवशी गावात पेढे वाटणारेही होते आणि दार लावून बसलेलेही. आमच्या बोळात दोन्ही होते.

देऊळही जुन्या थरांचं बनलंय. आत भिंतीत चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे, शके ११९५ ते ११९९ मधल्या देणग्यांची नोंद. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी लोकांची समजूत. एवढ्या पाठी घासल्या गेल्या की अक्षरं झिजली. देणगीदारांची नावं पुसून लोकांनी आपली सोय करून घेतली, यात मला तरी फारसं वाईट दिसत नाही. अभ्यासकांना दिसेल.

सगळ्या वर्षात निव्वळ गावाचा म्हणावा असा एकच महिना, मार्गशीर्ष. कार्तिकीची गर्दी ओसरलेली, चातुर्मास संपलेला, हवा गार. या महिन्यात विठोबा देवळात नसतो, नदीकाठच्या विष्णुपदावर राहायला जातो, असं गाव मानतं. गोपाळपूरच्या वाटेवर नदीच्या पात्रातच दगडी खांबांचा उघडा मंडप आहे. आत खडकावर देवाच्या पावलांच्या आणि गाईच्या खुरांच्या खुणा. देवाने महिनाभर सुट्टी घेतली की पंढरपूरकरही डबे बांधून तिकडे जातात. कुणी पायी, कुणी महाद्वार घाटावरून होडीने. सरकारी भाषेत याला सहल म्हणतील. आमच्याकडे ‘विष्णुपदाला जेवायला जाणं’ म्हणतात.

चार महिने वांगं बंद असतं, ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने सुटतं, त्यामुळे विष्णुपदाच्या डब्यात भरीत हवंच. काटेरी नकोत, भरताची मोठी, पातळ सालीची हिरवी वांगी. तुरीच्या काड्यांवर भाजायची, साल काळी पडून आतून पाणी सुटलं की काढायची. पातीचा कांदा, हिरवी मिरची आणि शेंगदाणे लोखंडी तव्यावर ठेचून त्यात कालवायचे, वरून तेलाची धार. बाजरीची भाकरी, तीळ लावलेली, फडक्यात बांधलेली. वर दही. पंढरपुरी म्हैस, खांद्याच्या मागे जाणारी लांबलचक शिंगं असलेली, तिचं दूध दाट. दही कापून वाढावं लागायचं. पात्रातल्या खडकांवर घराघरांचे गोल बसलेले असायचे आणि डबे एका गोलातून दुसऱ्यात फिरायचे. पलीकडच्या घरच्या भरितात लसूण जास्त झालाय, हे त्यांच्याच देखत सांगायची मुभा वर्षातून त्या एका जेवणाला होती. बडव्यांकडचं कुणी, आमच्यासारखा दुकानदार आणि होडीवाला कोळी एकाच खडकावर बसलेले मी लहानपणी बघितलेत. मंडपात पाया पडणं सगळ्यांत शेवटी, भांडी घासून झाल्यावर.

आता वाळवंटात वरून पाणी सोडल्याशिवाय होडी चालत नाही. वर उजनीचं धरण झालं १९८० मध्ये, तेव्हापासून चंद्रभागेला पाणी कधी असेल हे नदीपेक्षा पाटबंधारे खातं जास्त जाणतं. बोळात आमच्या दुकानाजागी मोबाईलची कव्हरं मिळतात, वाड्याची तीन मजली लॉज झाली. ती दिंडी अजून येते, पैसे देऊन खोल्या घेते, आणि कार्तिकीला मॅनेजरच्या टेबलावर बाजरीचं पोतं ठेवून जाते. ते कुठे पाठवायचं हे त्याला आता पाठ झालंय. आत्या आता थकलीय, तिला ऐकू कमी येतं, पण मार्गशीर्ष लागला की घराच्या व्हॉट्‌सॅप ग्रुपवर तिचा आवाजी निरोप येतो. यंदाचा परवा आला. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी रविवारची वाट बघू नये, देव शनिवार-रविवार बघून तिकडे जात नाही. वांगी पुण्याहून आणू नयेत, तिथली पाणचट असतात. आणि गेल्या वर्षी भाकऱ्या कमी पडल्या, त्या कुणामुळे, ते तिच्या नीट लक्षात आहे.